हमीदचाचांचं झाकण

हमीदचाचा गाडी बघायच्या आधी गाडीवाल्याचा उजवा हात बघायचे. तळवा उलटा करून अंगठ्याखालचा भाग दाबायचे आणि मगच ठरवायचे, मोटारसायकल दुरुस्तीला घ्यायची की परत पाठवायची. "पिळणारा मानूसना हात मी लगेच वळखस," ते म्हणायचे. पिळणारा म्हणजे ॲक्सिलरेटर पिळणारा. अशांची गाडी ते घेत नसत, मग तो कोणाचाही मुलगा असो.

माझी गाडी ढकलत मी पहिल्यांदा त्यांच्या दारी गेलो, तेव्हा माझाही हात त्यांनी असाच दाबला. मी लोणखेड्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आम्लाने बोटांची टोकं पिवळी पडलेली. ती बघून ते हसले. "हाऊ हात पिळणारा नही, मोजणारा शे. आन गाडी मधमा." मी गाडी आत घेतली. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी मापाडी झालो. "या मापाडी, आज काय मोजी ऱ्हायनात?" हेच स्वागत.

शहाद्यात त्यांच्या घराला लागून पत्र्याची पडवी होती. आयुष्यभर त्यांनी लेथवर विहिरींच्या पंपांचे दांडे केले होते. सत्तरी जवळ आल्यावर दुकान बंद केलं, लेथ घरी आणली आणि फक्त जुन्या, वेगाच्या, टू-स्ट्रोक गाड्या घ्यायला सुरुवात केली. एका वेळी तीनच. टाकीवर खडूने गाडी आली तो दिवस आणि खाली आपलं नाव लिहायचे. इंजिन स्वतःच्या कानाला पटेपर्यंत ते पुसायचं नाही, असा नियम.

माझी गाडी साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची. मी विशीत असताना घेतलेली, नंतर अठरा वर्षं गोठ्यात पडलेली. चाचांनी दोन्ही सिलिंडर आतून तासून, नव्या पिस्टनसाठी बोअर केले. पिस्टन बसतो की नाही हे बघायची त्यांची रीत साधी होती. तेल लावलेला पिस्टन उभ्या सिलिंडरमध्ये सोडायचा आणि तो आपल्या वजनाने खाली सरकेपर्यंत आकडे मोजायचे. तिनाच्या आत गेला तर ढिला, तिनाला गेला तर बरोबर. माझा पिस्टन तिनाला गेला. माझ्याने राहवलं नाही. मी खिशातून पातळ पट्ट्यांचा गेज काढून फट मोजली. चार शतांश मिलिमीटर, गाडीच्या पुस्तकात होती तेवढीच.

"काय सांगस तुन्ही पट्टी?"

"बरोबर आहे, चाचा."

"मंग पट्टी हुशार शे," म्हणून ते चहा सांगायला आत गेले.

गाडीचा तेलाचा पंप निकामी झाला होता, म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं होतं. चाचांनी एक ॲल्युमिनियमचं झाकण दिलं. "एक लिटरले एक झाकन. हजार किलोमीटर लोंग कमी नही करानं. धूर व्हई, लोके हसतीन, हसू दे." मी घरी येऊन प्रयोगशाळेच्या नळीत झाकण मोजलं. चाळीस मिलिलिटर भरलं. माझ्याकडच्या पुस्तकात वीस लिहिलं होतं.

इथून पुढची सगळी चूक माझी आहे. पहिले तीनशे किलोमीटर मी झाकणाने तेल घातलं. धूर इतका व्हायचा की गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या. प्लग काळे होत. मला वाटलं, म्हातारा अंदाजाने चालतो आणि मी मोजणारा माणूस अंदाजावर का चालू? मी नळीने वीस मोजून घालायला लागलो. चाचांना विचारलं नाही. वीसचं माप रुळलेल्या इंजिनाचं होतं. नव्या पिस्टनसाठी दुप्पट तेल, हे पुस्तकाच्या पुढच्याच पानावर होतं. मी पान उलटलं नव्हतं.

मे महिन्यात प्रकाशाच्या रस्त्यावर, भर दुपारी, चारशे सत्तर किलोमीटरला इंजिन आवळलं, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला. मागचं चाक जागीच थांबलं. मी पडलो नाही. गाडी टेम्पोत घालून थेट चाचांकडे नेली. त्यांनी सिलिंडर उतरवला, पिस्टनवर उभे ओरखडे होते. त्यावरून बोट फिरवत त्यांनी वर न बघता विचारलं, "तेल कितलं टाकं व्हतं?"

"झाकणाने. तुम्ही सांगितलं तसंच."

महाविद्यालयात मी आजवर एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. मुलांनी लिहिला तर वही परत करतो. तरी हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघालं!

चाचांनी पिस्टन फडक्याने पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तू काही खोटं सांगाव नही. मंग मन्हाच हात चुकना."

त्यांनी ते इंजिन पुन्हा केलं. एका आठवड्याच्या कामाला पाच आठवडे लागले. पिस्टन सोडून तीन मोजले, पुन्हा सोडला, पुन्हा मोजले. मग माझ्याकडे हात पुढे केला. "मापाडी, तुन्ही पट्टी दे जरा." ज्या माणसाला पट्टी लागत नव्हती, तो माझी पट्टी मागत होता. मी दिली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

माझ्या गाडीचं इंजिन त्यांचं शेवटचं ठरलं. पडवीतल्या उरलेल्या दोन गाड्या त्यांनी मालकांना परत नेऊन दिल्या, स्वतः टेम्पोसोबत जाऊन. "मन्हा हात गया, सुरतले कोनले दखाडा," असं सांगून. त्यानंतर अकरा महिने ते जगले. त्या काळात मी तेवीस वेळा त्यांच्याकडे गेलो. लेथवर कापड झाकलेलं असायचं. गाडीचा आवाज ऐकून ते म्हणायचे, "आते गोड वाजी ऱ्हायनी. मांगे मन्हा कानले काय व्हयनं व्हतं, कोन जाने." तेवीस वेळा मी चहा पिऊन परत आलो.

ते गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, त्यानंतर मी चाचींना सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"आखरी तक बोलते रहे, मेरा नाप कहाँ चुका. नींद में भी एक-दो-तीन गिनते थे," त्या म्हणाल्या. "मेरे को बोल के क्या होगा, भाई? जिनकी गाडियाँ लौटाई, उनको जा के बोल."

मी गेलो. लोणखेड्याच्या माणसाने गाडी केव्हाच भंगारात दिली होती. माझं ऐकून तो फक्त "अच्छा" म्हणाला.

दुसरी गाडी ब्राह्मणपुरीला होती. तिचा मालक, पन्नाशीचा शेतकरी, म्हशीला पाणी पाजत होता. मी उभ्यानेच सांगितलं. चाळीस, वीस, चारशे सत्तर, सगळे आकडे. तो बादली खाली ठेवून मला गोठ्याच्या कोपऱ्यात घेऊन गेला. पोतं बाजूला केलं. टाकीवर खडूने लिहिलेला दिवस आणि खाली 'हमीद' तसंच होतं.

"चाचा सांगे, सुरतले ली जाय. मी सांगं, सुरतले कसाले? तुम्हना हात बरा व्हई तवय करज्यात." मग तो माझ्याकडे वळला. "तो जिता व्हता तवय का बरं नही सांगं?"

मी टाकीकडे बघितलं. टाकीवर धूळ बसली होती. नावाच्या कडेची धूळ झटकावी म्हणून मी हात पुढे केला.

"भाऊ," तो म्हणाला, "तुन्हा हात नको लावू."

मी हात मागे घेतला. त्याने स्वतःच पोतं परत नीट टाकलं, खडूला लागणार नाही असं.