कवीचं घर दाखवणाऱ्या बाई

"डोकं सांभाळा," असं म्हणून त्या स्वतःच वाकायच्या. आमच्या रुग्णालयाची दारं चांगली सात फूट उंच आणि बाई जेमतेम पाच फुटांच्या. तरी प्रत्येक दारात त्यांची मान खाली जायची आणि मागून येणाऱ्याला तुटक्या इंग्रजीत ताकीद मिळायची. परिचारिका हसायच्या. जुनी नोकरी सुटली तरी तिची सवय अंगातून जात नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

बाई आमच्या वॉर्डाची साफसफाई करायच्या. त्याआधी एकोणीस वर्षं, युक्रेनमधल्या एका खेड्यात, त्या एका नामवंत कवीचं बालपणीचं घर लोकांना दाखवत होत्या. दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, गवतानं शाकारलेलं घर. दार इतकं बुटकं की शाळांच्या सहली आल्या की मुलं सुखरूप आत जायची आणि शिक्षकांची टाळकी आपटायची. नवरा वारल्यावर बाई आयर्लंडला आल्या. कवीच्या घराच्या किल्ल्या थोरल्या बहिणीकडे गेल्या.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये आमचा वॉर्ड कोविडचा झाला. मी नागपूरला शिकलेली, पंधरा वर्षं डॉक्टरकी केलेली बाई. पण खरं सांगते, मी घाबरले होते. नास गावातल्या आमच्या घरी मी वेगळ्या खोलीत राहायचे. नवरा ताट दाराबाहेर ठेवायचा. मुलगी दाराआडून इथल्या धाटणीत 'बरी आहेस ना' असं विचारायची, "यू ग्रँड, आई?" मी म्हणायचे, "हो गं, ग्रँड." आणि हात पुन्हा एकदा धुवायचे.

बाईंनी ते ओळखलं होतं. चहाच्या सुट्टीत मागच्या अंगणात दोन मीटर अंतरावर उभ्या राहून त्या म्हणायच्या, "डॉक्टर, चला, घर बघायला." मग डावीकडची भट्टी, थंडीत तिच्यावर झोपायची उबदार जागा, खिडकीतलं चेरीचं झाड, असं सगळं हातवारे करत दाखवायच्या. पाळण्यापाशी आवाज बारीक व्हायचा. "पाळणा खरा शेजाऱ्यांचा आहे. कुणाला सांगू नका. पण कवी रडला असेल तो याच खोलीत."

मी हसायचे. तेवढा वेळ छातीतली धडधड थांबायची.

जानेवारी उजाडला आणि वॉर्डात पाय ठेवायला जागा उरली नाही. एके दुपारी मी एका म्हाताऱ्याला तपासून त्याच्या खोलीबाहेर आले, गाऊन आणि हातमोजे काढून टाकले, आणि लक्षात आलं की बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र आतच राहिलं. पुन्हा सगळं चढवून आत जायचं होतं. माझे पाय उचलेनात. समोरून बाई घरी निघालेल्या, तोंडावर साधा मास्क.

"जरा तेवढं यंत्र आणून द्याल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दारात वाकल्या आणि आत गेल्या. बाहेर यायला त्यांना माझ्या अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला. यंत्र माझ्या हातात ठेवून त्या गेल्या.

आठव्या दिवशी त्या आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. संसर्ग तिथूनच झाला की दुसरीकडून, हे कोणीच सांगू शकलं नसतं. मला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं.

ऑक्सिजन वाढवत गेलो, आकडे घसरत गेले. शेवटी भूलतज्ज्ञ म्हणाले, संध्याकाळपर्यंत झोपेचं औषध देऊन श्वासाच्या यंत्रावर घ्यावं लागेल. मी बाईंना सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं. इतकी घट्ट पकड मी आजारी माणसाची पाहिली नव्हती.

"भीती वाटते," त्या म्हणाल्या. मग फोनकडे बोट दाखवून, "बहीण. घर."

ते घर निर्बंधांमुळे महिनोन्‌महिने बंद होतं. तरी त्या सत्तरीच्या बहिणीने बर्फातून चालत जाऊन कुलूप काढलं. इकडे मी फोन पारदर्शक पिशवीत घालून बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर बुटकं दार आलं.

"डोकं!" मास्कमधून बाई ओरडल्या. तेवढ्यानेही आकडा तीनने खाली आला.

बहीण वाकली. आत गेली. भट्टी गार होती. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड पडला होता, चेरीच्या नुसत्या काटक्या दिसत होत्या. बहीण हळूहळू फिरत होती आणि मधूनच नाक पुसत होती. भिंतीवरचा भरतकामाचा टॉवेल दिसताच बाईंनी बोट हलवलं. उलटा टांगला होता. बहिणीने तो सुलटा केला. पाळणा दिसला तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहून एक डोळा मिटला.

त्या दुपारी त्यांना आत पाठवल्याचं आता तरी बोलावं, असं वाटत होतं. तेवढ्यात भूलतज्ज्ञ दारात आले.

एकोणीस दिवस बाई यंत्रावर होत्या. मी रोज नासहून निघताना गाडीत बसून वॉर्डला फोन लावायचे आणि पलीकडून आवाज येईपर्यंत श्वास धरून ठेवायचे. विसाव्या दिवशी घशातली नळी निघाली. आवाज घोगरा झाला होता, पाय काडीसारखे. पण बाई होत्या.

घरी जायच्या दिवशी मी सगळं एका दमात सांगून टाकलं. मी घाबरले होते म्हणून तुम्हाला पाठवलं, हेही.

त्यांनी चादरीची घडी घातली.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मला राग आला होता, डॉक्टर. अजून थोडा आहे." मग म्हणाल्या, "तो म्हातारा जागा होता. त्याने पाणी मागितलं. मी पाजलं. म्हणून वेळ लागला."

तो म्हातारा त्याच रात्री गेला होता. त्याला तहान लागली होती, हे मला माहीतच नव्हतं.

साफसफाईचं काम त्यांना पुन्हा झेपलं नाही. त्याच वर्षी शरद ऋतूत त्या गावी परतल्या. विमानतळाच्या बसपर्यंत मी गाडीने सोडलं. "बॅग मी घेते," म्हटलं तर नको म्हणाल्या.

बस समोरच उभी होती, फार तर चाळीस पावलांवर. दहा पावलं चालून त्या थांबल्या. खांदे वर-खाली होत होते. मी गाडीच्या दाराला हात घातला आणि मनातल्या मनात त्यांचे श्वास मोजू लागले. त्या पुन्हा चालल्या. पुन्हा थांबल्या. या वेळी जरा जास्तच वेळ.

मी दार उघडलं. त्यांनी मागे न बघताच हात वर केला, "थांबा" म्हणावं तसा, आणि पुढचं पाऊल टाकलं.