रंग खाणारं वावर

कोकिळाबाईंचं वावर नेरच्या रस्त्याला, सूत रंगवायच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला. कारखान्याच्या भिंतीखालून एक नाला निघतो आणि थेट त्यांच्या धुऱ्याशी, म्हणजे वावराच्या बांधाशी, येऊन थडकतो. कधी लाल, कधी निळा. यंदा शहरात कोणत्या रंगाचे शर्ट चालणार हे गावाला दुकानदाराच्या आधी कळतं. कागदोपत्री मात्र तो 'नैसर्गिक नाला' आहे. निसर्गाने जांभळं पाणी सोडल्याचं कोणी कधी ऐकलंय? पण कागदावर आलं की झालं.

बाई छप्पन्न वर्षांच्या. नाव कोकिळा, पण आवाज असा की चार वावरांपलीकडची रानडुकरं वाट बदलतात. नवरा, पंजाबराव, वारले त्याच वर्षी नाल्याचं पाणी धुरा फोडून आत शिरलं आणि खालचा अर्धा एकर मेला. 'मेला' हाच त्यांचा शब्द. तूर नाही, कापसाची पऱ्हाटी नाही, गवताची काडीसुद्धा नाही. अनवाणी चाललं की तळपाय निळे व्हायचे. लोक म्हणाले, सोडून द्या तेवढा तुकडा. बाईंनी सोडला नाही. आधी धुरा कमरेइतका उंच करून नाला बाहेर अडवला. मग त्या तुकड्यात शेणखत, सोयाबीनचं कुटार-भुसा, आंबलेलं ताक, हाताला लागेल ते घालत राहिल्या. अर्जही बरेच केले. अर्जांना उत्तर आलं नाही, मातीने दिलं. पाचव्या वर्षी तरोट्याचं तण उगवलं आणि सातव्या वर्षी तूर कमरेला लागली.

ती तूर प्रफुल्लने पाहिली. हा गावचाच, यवतमाळला कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पिशव्या भरून माती घेऊन गेला आणि वर्षभराने धापा टाकत परत आला.

"काकू, तुमच्या मातीत जिवाणू सापडले!"

बाईंनी कोपऱ्यातल्या फवारणीच्या पंपाकडे पाहिलं. आपल्याकडे वावरात काही जिवंत सापडलं की आधी पंपच आठवतो.

"मंग? फवारा मारा लागते का आता?"

"नाही, नाही! फवारू नका काही!" प्रफुल्ल ओरडलाच. "ते रंग खातात काकू. कारखान्याचं विष खातात, त्याची साधी माती करून टाकतात."

बाईंनी जरा विचार केला. "म्हनजे विरजन हाय म्हन की."

प्रफुल्ल आधी हसला. मग म्हणाला, "हो. विरजणच."

त्याचा लेख छापून आला, मग वर्तमानपत्रात बातमी आली: 'पडीक जमिनीत प्रदूषण खाणारे जिवाणू'. बाईंचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी बातमी दोनदा वाचली आणि प्रफुल्लला गाठलं.

"पडीक? सात वर्सं तिथं माही कंबर पडली, वावर नाई पडलं."

प्रफुल्ल म्हणाला, लेखात तसंच लिहायची पद्धत असते. पद्धत! माणूस राबतो तेव्हा जमीन त्याची, आणि त्यात काही मोलाचं सापडलं की ती पडीक. ही पद्धत कोणी पाडली, हे एकदा कोणीतरी विचारायला हवं.

पण खरा संताप पुढेच होता. कारखान्याला दुपटीने वाढायचं होतं, म्हणजे पाणीही दुप्पट सोडायचं होतं. त्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांनी जनसुनावणी ठेवली. मांडव कारखान्याच्याच दारात, खुर्च्या कारखान्याच्या, चहाही कारखान्याचा. आणि मांडवाच्या मधोमध भला मोठा फोटो, कोकिळाबाईंच्या तुरीचा. कारखान्याचे साहेब फोटोकडे हात करून म्हणाले, "निसर्गानेच आपल्याला उत्तर दिलंय. ही माती स्वतःला साफ करते. तेव्हा नैसर्गिक प्रवाहातला तो मातीचा अडथळा काढला, की वाढीव पाणी याच जमिनीत जिरेल."

मातीचा अडथळा म्हणजे बाईंचा धुरा. तो काढला की अर्धा एकर पुन्हा मेला, आणि या वेळी बाकीचंही वावर त्याच्यासोबत.

एवढं बोलून साहेबांनी शाल-श्रीफळ मागवलं. "या मातीच्या मालकीणबाईंचा सत्कार करू या."

काय डोकं असतं बघा लोकांचं! ज्याचं वावर बुडवायचं त्यालाच शाल पांघरायची. एकदा खांद्यावर घेतली की फोटो निघतो, आणि फोटो निघाला की ती संमती होते. सरपंच मारोतराव वाकून म्हणाले, "वहिनी, घ्या ना. मान देऊन राह्यले."

कोकिळाबाई उठल्या, पण हात जोडलेलेच ठेवले. शाल तशीच साहेबांच्या हातात लोंबत राहिली.

"साहेब, तुमच्या घरी दही लावतेत?"

"लावतात ना मावशी."

"मंग ठावं असन. दुधाले विरजन लावलं का भांडं झाकून ठेवा लागते. त्याच्यात दर घंट्याले नवं दूध ओतत गेलं तर दही लागते का? मी धुरा बांधला, वरचं पानी बंद केलं, तवा त्या जिवाइले सात वर्सं लागली. तुमी म्हनता धुरा काढा अन् रोज ओता. विरजनच वाहून जाईन का नाई?"

मांडवात चुळबूळ झाली. साहेब समजुतीने हसले. "मावशी, तुमच्या मातीत फार ताकद आहे."

"एवढी ताकद हाय तर घमेलंभर माती मी देतो. तुमच्या हपीसापुढच्या बगिच्यात टाका, अन् तिथंच सोडा ना ते पानी. माह्याच वावरात कायले?"

आता लोक उघड हसले. बाई मात्र हसत नव्हत्या. मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या प्रफुल्लकडे त्या वळल्या. "बोल ना रे. मी खोटं सांगून राह्यली का?"

प्रफुल्ल हळूच उठला. "काकू बरोबर सांगतात. प्रयोगशाळेत एकदाच रंग घातला, तर जिवाणूंनी तो संपवला. रोज घालत गेलो, तर ते मरून गेले. माझ्या लेखात हे दुसऱ्याच पानावर आहे. तुम्ही लोकांत पहिल्याच पानाच्या प्रती वाटल्यात."

साहेबांनी शालीची घडी घातली. अधिकाऱ्यांच्या टेबलाशी एक कारकून इतिवृत्त लिहीत होता. बाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "काय लिवलं ते वाचून दाखव."

त्याने वाचलं, "श्रीमती कोकिळाबाई यांनी जिवाणू तंत्रज्ञानाबाबत उपयुक्त सूचना केली."

"सूचना?" आवाज मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत गेला. "सूचना पाहुन्याले करतेत, चपला भायेर काढा म्हून. मी हरकत घेतली. हरकत लिव."

कारकुनाने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकारी चहा पिण्यात गुंतले. 'सूचना' शब्दावर काट मारून त्याने वर 'हरकत' लिहिलं, आणि चार लोकांत आपली लाज राखायला म्हणून हसत विचारलं, "कोणाची हरकत लिहू बाई? तुमची, की त्या जिवाणूंची?"

मांडव पुन्हा हसला. कोकिळाबाईंनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"दोघाइची लिव. त्याइले सही करता येत नाई, म्हून मी करून राह्यली."