देवाच्या पानांचा गठ्ठा

धुळ्याच्या एसटी स्टँडबाहेर त्यांची भज्यांची गाडी होती. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. नाना भजी रद्दीत बांधायचे, पण आधी ते पान वाचून काढायचे. त्यामुळे चार महिन्यांपूर्वीची बातमी ते आज सकाळी घडल्यासारखी सांगत. देवाचा फोटो असलेलं पान बाजूला निघे, त्याला तेल लागता कामा नये. कॉम्प्युटरची बातमी आली, की तेही पान त्याच गठ्ठ्यात जाई. मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो, म्हणून नाना डोळे विस्फारून मला त्यांच्या अहिराणीत सांगत, "बठ्ठं जग एक डब्बामा शे, मास्तर!"

पुढे पेपरात आलं, की माझ्याकडे होती तसली मशीनं आता जुनी झाली. निम्मी पोरं दुसऱ्या क्लासला गेली. नेमकं तेच पान एकदा नानांच्या रद्दीत दिसलं. मी ते उचललं आणि वैतागून म्हणालो, "नाना, माझी भजी यातच बांधा."

त्यांनी हात धोतराला पुसले आणि पान माझ्याकडून काढून घेतलं.

"देव जुना व्हई गया म्हणीसन त्याना पानमा भजी बांधतस का?"

माझी भजी एका मंत्र्याच्या फोटोत आली.

क्लासच्या दारात आम्ही चपला काढायचो, ते आत धूळ नको म्हणून. त्या संध्याकाळी मी नुसत्या धुळीसाठी काढल्या नाहीत.