कडावच्या आबाजी लोहाराचे ठिसूळ कोयते

कडावच्या आबाजी लोहाराचा कोयता घेतला की वर्षभर धारेची काळजी नसे. पण चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर महिनाभरात त्याचे तीन कोयते परत आले. बांबू तोडताना तिन्हींच्या धारेचे टवके उडाले होते.

ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांचं लोखंड तेच, भट्टी तीच. मग बिघडलं कुठे? आबाजीची नजर भाता ओढणाऱ्या पोशावर गेली. डोंगरातल्या वाडीवरचा हा ठाकर बारा वर्षं त्याच्याकडे होता. कळंबला नुकतंच एका नव्या लोहाराने दुकान घातलं होतं आणि पोशा तिकडे दोनदा दिसल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. हाच पातं बुडवायच्या कुंडीतल्या पाण्यात काहीतरी टाकतो, असं आबाजीने मनाशी धरलं. तो स्वतः पाणी आणू लागला, कुंडीवर फळी ठेवू लागला. तरी चौथा कोयताही टवके उडून परत आलाच.

"कळंबला काय करतोस रं?"

"भन आजारी हाय."

"भन, का तो लोहार?"

पोशाने भात्याची दांडी सोडली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आबाजीची खात्रीच पटली.

मग भात्यावर त्याची बायको कोंडी बसली. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की काचेसारखं कडक होतं. म्हणून ते घासून लखलखीत करायचं, तापल्या लोखंडावर ठेवायचं आणि त्यावर चढणारा रंग बघायचा. आधी फिका पिवळा, मग तांबूस. तांबूस दिसला की लगेच पुन्हा पाण्यात. घाई केली तर धार ठिसूळ राहते.

आबाजीने चिमट्याने पातं उचललं.

"थांबा," कोंडी म्हणाली. "अजून कायच रंग नाय."

"तांबूस झालंय की."

"पांढरं हाय, पत्र्यावानी."

आबाजीने तिच्याकडे रोखून पाहिलं. पोशाने हिलाही फितवलं की काय? पातं घेऊन तो दारात उजेडात गेला. त्याला ते तांबूसच दिसत होतं. मग हळूच त्याने विचारलं, "आपला भात हल्ली पिवळा असतो ना गं?"

"नाय वो. पांढराधोट असतो."

दुकानदार जुना, पिवळा तांदूळ देतो म्हणून आबाजी गेले काही महिने कुरकुरत होता. त्याने पातं परत तापल्या लोखंडावर ठेवलं.

त्या दिवशी कोंडीने रंग सांगितला आणि त्याने पातं बुडवलं. ते खिळ्यावर घातलं, तरी धार शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो चढण चढून वाडीवर गेला. पोशा कुंपण बांधत होता.

"डोळ्यांत मोतीबिंदू आलाय माझ्या," आबाजी म्हणाला.

"तुमी पातं लवकर उचलता, ते मला दिसत होतं."

"मग बोलला का नाय?"

"पटलं असतं तुमाला?"

आबाजीने कुंपणाची काठी धरून दिली. मग म्हणाला, "भन कशी हाय?"

"बरी हाय आता."

आठ दिवसांनी पोशा परत आला. तेव्हापासून रंग पोशा सांगे आणि आबाजी पातं बुडवी. तरी प्रत्येक पातं थंड झालं की आबाजीचा हात धारेकडे जाई. धार ठिसूळ राहिली असेल तर तिच्यावर कानस चावत नाही, नुसती घसरते. पोशा ती उचलून त्याच्यापुढे धरी. "लावून बघा," म्हणे.