आमसुली शाल, मैत्रिणीची कादंबरी

सध्या माझ्या मांडीवर दुसऱ्यांदा विणायला घेतलेली एक अर्धवट आमसुली शाल आहे आणि समोर, पोथी ठेवायच्या घडीच्या लाकडी स्टँडवर, एक कादंबरी. पोथीला निदान नमस्कार तरी करतात. हिला मी कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावून उघडी ठेवते, कारण विणताना माझे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि ही आपणहून उघडी राहत नाही. तिलाही लाज वाटत असावी.

कादंबरी माझ्या मैत्रिणीनं लिहिली आहे. नाशिक रोडच्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या टेबलांवर उभा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे दाखवायला जातात, चारधाम करतात. हिनं पंचवटीतल्या घरी बसून कादंबरी लिहिली. प्रकाशन येत्या रविवारी, तिच्या घराजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये.

"सत्काराची ती दुकानातली शाल मला नको," तिनं मला महिनाभर आधीच फर्मावलं होतं. "तू विणून दे. आणि पुस्तकावर दोन शब्द पण तूच बोल."

शालीचं तिचं म्हणणं बरोबर होतं. सत्काराची शाल पांघरायला नसतेच. ती घडी न मोडता एका सत्कारातून दुसऱ्या सत्कारात जाते, आणि कुणी चुकून पांघरलीच तर पौषातलं नाशिकचं वारं तिच्यातून सरळ आरपार जातं. म्हणून विणायला मी हो म्हटलं. वर पुन्हा भाषण म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पण 'नाही' म्हणेपर्यंत तिनं निमंत्रण पत्रिकेत माझं नाव छापून व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरवलं सुद्धा.

आता कादंबरी. मुखपृष्ठावर नदी, नदीत सोडलेला दिवा, काठावर पाठमोरी बाई. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, म्हणून मागच्या बाजूला 'स्त्रीमनाचे हळुवार पदर' असंही छापलंय. नायिका पहिल्याच पानावर गोदावरीकडे बघून रडते. पुढच्या प्रकरणात चांदण्यात रडते. मग माहेरी जाऊन रडते, आणि माहेर संपल्यावर पुन्हा नदीवर येते. आमची लेखिका घाटावर जाते ती भाजी घ्यायला, आणि तिथं मेथीच्या जुडीवरून असा काही आवाज लावते की भाजीवाल्या तिला लांबून बघूनच गिऱ्हाईक सोडतात. चांदणं तिनं कधी पाहिलं देव जाणे, नऊ वाजता तर झोपते.

एक मात्र खरं, पुस्तक वाईट असलं की विणकाम फार सुरेख होतं. साधी सुलट वीण घेतलीय, बघावं लागत नाही, नुसती बोटं चालतात. नायिकेच्या रडण्यावर माझी चांगली हातभर शाल झाली आणि टाका न् टाका एकसारखा पडला. समीक्षक लोक उगाच नाकानं कांदे सोलत बसतात, त्यापेक्षा त्यांनी विणायला शिकावं.

घोळ झाला तो नायिकेला नोकरी लागल्यावर. कचेरी आमचीच होती. आमचे हेडक्लार्क होते, डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाटून झाल्यावर उरलेलं तेल पोळीला पुसून खाणारे. टाइपिस्ट बाई होत्या, ड्रॉवरमध्ये चिवडा लपवून भर दुपारी कुरुमकुरुम करणाऱ्या. घोटीचा कॅन्टीनवाला होता. "बाई, चा थंड व्हाया लागला, फायली काय पळून जात नाय," हे त्याचं वाक्य जसंच्या तसं. रेकॉर्डरूममधली कानतुटकी मांजर सुद्धा होती. मी वाचता वाचता एकटीच मोठ्यानं हसले आणि खाली बघितलं तर एक टाका गळून बराच खाली उतरला होता. तो आकड्याच्या सुईनं वर घेताना मला कबूल करावं लागलं की बाईला लिहिता येतं. राग आला. मग हे चांदणं कशाला खर्चलं होतं इतकं?

आणि मग मी वाट बघू लागले. माझी.

"आलीस का?" आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे.

"येईन की. कॅन्टीनवाला आला, मांजर आली. मी काय मांजरापेक्षा गेलेली आहे?"

"मांजर कुणाला बोलत नव्हती," हे म्हणाले.

मी आले नाही. शेवटचं पान आलं, नायिका नदीकडे बघून या खेपेला हसली, पुस्तक संपलं. मी मागं जाऊन कचेरीची पानं पुन्हा चाळली. तिच्या टेबलाशेजारी, जिथं मी इतकी वर्षं बसले, जिथून मी तिच्या चुकलेल्या बेरजा निस्तरल्या, तिच्या सासूच्या आजारपणात तिच्या फायली ओढल्या, तिथं तिनं खिडकी घातली होती! मोठी, गजांची, बाहेर गुलमोहर असलेली. माझ्या जागी हवा खेळत होती.

कुणी माझी टर उडवली असती तर मी समजू शकले असते. माझ्या जिभेला कचेरीत सगळेच टरकून होते, तेवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण काहीच नाही? मला फार लागलं. मी सुई काढून घेतली आणि शाल उसवायला लागले. उसवताना लोकर सरसर येते, त्याचं एक वेगळं सुख असतं. ह्यांनी चहाचा कप ठेवता ठेवता पाहिलं आणि आत गेले. मग मी तिला फोन करून सांगितलं की माझा घसा बसलाय, भाषणाला दुसरं कुणीतरी बघ.

"बसलेल्या घशानं चांगली खणखणीत बोलतेस," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून दारात. हातात मेथीच्या जुड्या. मांडीवरच्या शालीच्या जागी लोकरीचा गुंता बघून ती माझ्यासमोर बसली.

"काय झालं?"

"काही नाही. खिडकी छान जमलीय तुला."

तिला लगेच कळलं. ती मेथी निवडायला लागली, माझ्याच घरात, माझ्याच ताटात.

"हेडक्लार्क कुठंयत आता?" तिनं विचारलं.

"कुठं म्हणजे? गेले की. आपण दोघी गेलो होतो दारावर, त्यांच्या बायकोला भेटायला."

"टाइपिस्ट बाई?"

त्याही गेल्या होत्या. कॅन्टीनवाल्याच्या दहाव्याला आम्ही एकाच गाडीनं घोटीला गेलो होतो. हे सगळं मला ठाऊक होतं, पण पुस्तक वाचताना ती माणसं इतकी हलत-बोलत होती की ती नाहीत हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"आणि तू?" मी तरी सोडलं नाही. "नायिका होऊन मिरवतेयस ती!"

"ती मी कुठंय? तशी बाई असते का कुठं? ती आपली रडायला ठेवलीय." तिनं ताट बाजूला सारलं. "एकेकाबद्दल लिहायला बसले ना, की त्याला पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं व्हायचं. तुझ्याबद्दलही लिहायला घेतलं होतं गं. दोन ओळींत हात थांबला. म्हटलं, ही फोन करेल आत्ता, काहीतरी खोचक बोलायला. हिला कशाला यांच्यात बसवू?"

जे तोंडात आलं ते मी बोलले. "आणि मी तुझ्याआधी गेले तर?"

"तर लिहीन की. तुझ्यावर आख्खी कादंबरी लिहीन." तिनं लोकरीचा गुंता ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि टोक शोधायला लागली. "पण तिला नावं ठेवायला कोण असेल मग?"

मला रडू आलं, हे सरळच सांगते. ते तिच्यासमोर आलं, याचा भयंकर रागही आला.