खिडकीतला घास

घरात चोर शिरलेत म्हणून आई ओरडायला लागली, दार उघडून बाहेर पळायला लागली, तेव्हा नाइलाजानं तिला माजिवड्याच्या पुढे एका खासगी इस्पितळात ठेवलं. म्हाताऱ्या माणसांचा मनोविकार वॉर्ड. फरशी अशी लखलखीत की चपला बाहेर काढाव्याशा वाटाव्यात. नर्सनं आईचं मंगळसूत्र आणि काचेच्या बांगड्या काढून पाकिटात घातल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "इथे अलाऊड नाही मॅडम. पेशंट काच लावून घेतात हाताला." मला ते पटलं. कपाळावरची टिकली अंघोळीत गेली असणार, पुन्हा कुणी लावली नाही.

पहिला आठवडा भेट नव्हती. नंतर गेले तर आई खिडकीपाशी बसलेली. गजांबाहेरच्या कठड्यावर भाताचा घास ठेवलेला, वाळून कडक झालेला. जेवणाचं ताट तसंच पडलेलं.

"जेवतच नाहीत," नर्स म्हणाली. "गोळी वाढवलीय डॉक्टरांनी."

आईनं माझा हात घट्ट धरला. "अगं, कधी गेले हे? मला कळवलं पण नाहीत कुणी?"

"कोण गेले?"

तिनं दोन्ही उघडी मनगटं माझ्यापुढे धरली.

बाबा तेव्हा कळव्याला घरी, टीव्हीसमोर चहा पीत बसलेले असणार. मी पर्समधून टिकली काढून तिच्या कपाळाला लावली. तिनं बाहीनं पुसून टाकली. "वेडी का गं तू? लोक काय म्हणतील?"

मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन भांडले. गोळी वाढवण्याआधी बाई का जेवत नाही, हे एकानं तरी विचारायचं! बांगड्या का काढतोय, एवढं तिला सांगायला किती वेळ लागतो? ते शांतपणे म्हणाले, हे आजारातलंच आहे. असेलही. पण नवरा तिच्यापुरता मारला होता तो इथल्या नियमानं, आणि त्याचा पत्ता कुणालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबांना आणलं. गुडघे गेलेले, बिल्डिंगला लिफ्ट नाही. सोसायटीतल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. इस्त्रीचा शर्ट, मानेला पावडर. बायकोला भेटायला निघालेला माणूस.

आई दचकली नाही. पदर घ्यायला तिचा हात डोक्याकडे गेला आणि गाऊनवरून तसाच खाली आला. ती हळू आवाजात म्हणाली, "कावळा शिवत नाहीये. काय राहिलंय तुमच्या मनात?"

"आई, बाबा आहेत गं! हात लावून बघ," मी ओरडलेच. बाबांनी मला हातानं थांबवलं.

"तुला घरी न्यायचं राहिलंय," ते म्हणाले.

आईनं खिडकीकडे तोंड करून हात जोडले, दहाव्याला घाटावर जोडतात तसे. "येईन हो. नक्की येईन. आता तरी शिवा."

त्या आवारात कावळे कायमच असतात. त्यातला एक आला, कठड्यावर बसला आणि घास उचलून गेला. आईनं सुस्कारा सोडला, ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली. नर्सला आनंद झाला. मला तिथे उभं राहवेना.

बाबा रिकाम्या कठड्याकडे बघत बसले होते. परतीच्या रिक्षात खाडीचा पूल लागल्यावर त्यांनी मला विचारलं, "ती घरी आली, की दार मी उघडू का तू उघडशील?"