निकेलच्या टाकीचा दसरा

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

शेठनी त्या सकाळी ट्रे टेबलावर आपटला. आत व्हॉल्व्हच्या दांड्या होत्या, आम्हीच निकेल चढवलेल्या. चकाकत होत्या, पण अंगभर सुईने टोचल्यासारखी बारीक भोके.

"पार्टीने अख्खा लॉट परत पाठवला, बेन," ते गुजरातीत म्हणाले. "तुम्ही नीट धुतलंच नाही. दोघींच्या पगारातून कापणार."

दोघी म्हणजे मी आणि शारदाताई. मकरपुऱ्याच्या त्या प्लेटिंगच्या कारखान्यात लेथवरून आलेले भाग आम्ही धुतो, जिगवर, म्हणजे आकड्यांच्या चौकटीवर, टांगतो, टाकीत सोडतो. टाकीत निकेलचे गरम पाणी असते. करंट दिला की भागावर धातूचा थर चढतो, केसापेक्षा पातळ. भोक राहिले की तिथून गंज धरतो.

"जाऊ दे गं," शारदाताई म्हणाली. "बोललीस तर उद्या घरी बसवतील."

मी कुणाशी फार बोलत नाही. पण आमच्या धुण्यात चूक नव्हती, आणि न केलेल्या चुकीचे पैसे मी भरणार नव्हते. दुपारी शेठपुढे जाऊन उभी राहिले.

"एक दांडी तुमच्यासमोर धुते. टांगा तुम्ही."

"आता मला कामाला लावता का?" म्हणाले, पण उठले.

धुतलेल्या दांडीवर पाणी ओतले. तेलकटपणा असता तर पाण्याचे थेंब झाले असते. पाणी सलग उतरले. शेठनी ती स्वतः टाकीत सोडली. बाहेर काढली तर तीच भोके.

"मग खोट टाकीत आहे," मी म्हणाले. जुने वर्तमानपत्र पाण्यावर पसरून अलगद उचलले. वर तरंगणारे तेल असे कागदाला लागून येते. कागद तेलकट झाला, आणि तांबडा.

तांबडा कशाने, ते सगळ्यांना एकदमच कळले. दसऱ्याला शेठच्या आईंनी टाकीच्या काठावर तुपात कालवलेल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले होते. आम्हीही बोटे टेकवली होती. उष्णतेने तूप आत ओघळले.

शेठनी कागद माझ्या हातून घेतला. "देवी माताजींना आपण काही बोलू शकत नाही," ते म्हणाले. "आणि माझ्या बांना तर मुळीच नाही."

तूप शोषायला कोळशाची भुकटी घालून टाकीतले पाणी ढवळले, फिल्टरने गाळले. दांड्यांचा जुना थर उतरवला, एकेक मायक्रोमीटरने मापली, बारीक झालेल्या बाजूला काढल्या. बाकीच्यांवर पुन्हा निकेल चढवले. पार्टीने लॉट पास केला.

पगार मात्र कापूनच आला. मी टेबलापाशी उभीच राहिले.

"पुढच्या महिन्यात देतो, बेन."

"दोघींचे?"

"दोघींचे."

पुढच्या महिन्यात निम्मे आले. मी परत जाऊन उभी राहिले. आता दसऱ्याला टाकीवर झाकण असते आणि कुंकू झाकणाला लागते, ते कुणाला सांगावे लागत नाही. त्या वर्षी पैसे मात्र दर पगाराला मागावे लागले. होळीच्या आधी आमचे दोघींचे सगळे मिळाले.